आउटबोर्ड स्लोवर बंद पडतंय? आधी इथे दाखवा

आमची बोट पानशेतला असते, मागे बाहेरून लावायचं 15 एचपीचं टू स्ट्रोक इंजिन, म्हणजे आउटबोर्ड. पावसाळ्यानंतर काढलं तर फुल थ्रॉटलला मस्त पळायचं पण स्लोवर, म्हणजे थ्रॉटल पूर्ण सोडून, आणलं की मिसिंग, थरथर, आणि गिअर टाकला की बंद. आधी दुसरीकडे दाखवलं होतं, तिथे नुसता स्लोचा स्क्रू आवळून आरपीएम वाढवून दिला, म्हणजे बंद पडायचं थांबलं पण गिअर टाकताना खाडकन दणका बसायला लागला. याने गिअर झिजतात हो, हा उपाय नव्हेच.

धायरी फाट्याजवळच्या या वर्कशॉपमधल्या दादांनी लगेच पान्हा हातात घेतला नाही हे मला सगळ्यात आवडलं. इंजिन पाण्याच्या ड्रममध्ये उभं केलं, कारण एक्झॉस्ट पाण्याखाली असताना जे बॅक प्रेशर असतं ते नुसता नळाचा पाइप लावून मिळत नाही आणि मग स्लोचं सेटिंग चुकतं. गरम झाल्यावर चोक जरासा ओढला तर आवाज एकदम सरळ! म्हणाले, "स्लोला पेट्रोल कमी पडतंय." पेट्रोल हाताने पुढे ढकलायचा पाइपवरचा रबरी फुगा दाबून पाहिला, फरक नाही, प्लग बदलून पाहिले, करंट व्यवस्थित, मग कुठे कार्बोरेटर उतरवला.

स्लोला पेट्रोल सोडणारं पायलट जेट उजेडात धरून दाखवलं, केसाएवढं भोक आणि त्यात तपकिरी चिकट थर. फुलला पेट्रोल मेन जेटमधून येतं म्हणून तिथे काही जाणवत नव्हतं. कार्बोरेटरच्या बाउलच्या, म्हणजे पेट्रोल साठणाऱ्या वाटीच्या, तळाशी पाण्याचे थेंब पण होते, हल्लीच्या ई20 पेट्रोलमधलं इथेनॉल ओलावा ओढतं आणि टाकीत महिनोन्महिने पडून राहिलं की हे होऊ शकतं. तार अजिबात घातली नाही, भोक मोठं होतं म्हणे, क्लीनर आणि हवेनेच साफ केलं. हवा-पेट्रोलचं प्रमाण ठरवणारा मिक्श्चर स्क्रू काढायच्या आधी किती आटे आत बसतो ते मोजून लिहून ठेवलं, परत तेवढाच बसवला.

मजुरी, गॅस्केट आणि नवा फिल्टर धरून बिल रास्त वाटलं, जुने पार्ट पिशवीत घालून परत दिले. आता गिअरमध्ये टाकलं तरी गुरगुरत शांत उभं राहतं. गैरसोय एकच, जागा फार अडचणीची आहे, ट्रेलर आत वळत नाही, त्यामुळे इंजिन सोडवूनच न्या आणि जाताना पेट्रोलची टाकी पाइपसकट सोबत घ्या, ते तीही तपासतात.