ओळखपरेड कोणत्या पद्धतीने घ्यावी? उपलब्ध पर्यायांची तुलना

साक्षीदाराकडून संशयिताची ओळख पटवून घेताना तपास यंत्रणेला काही निवडी कराव्याच लागतात: एकच माणूस दाखवायचा की अनेकांत मिसळून, छायाचित्रे वापरायची की माणसे प्रत्यक्ष उभी करायची, चेहरे एकत्र ठेवायचे की एकामागून एक, आणि हे सारे करवून घेणारा अधिकारी कोण असावा. आपल्या दलासाठी लेखी कार्यपद्धती ठरवायला बसलेल्या अधिकाऱ्याला डोळ्यांसमोर ठेवून ही तुलना केली आहे. या निवडींचे वजन सारखे नाही, आणि चर्चा मात्र बहुतेक वेळा त्यांतल्या सर्वांत हलक्या निवडीभोवती फिरत राहते, असे माझे मत आहे.

प्रश्न किती गंभीर आहे, हे एका आकड्यावरून कळते. अमेरिकेत शिक्षा झाल्यानंतर डीएनए चाचणीमुळे निर्दोष ठरलेल्या पहिल्या साडेतीनशेहून अधिक व्यक्तींपैकी सुमारे ७० टक्के प्रकरणांत साक्षीदाराने केलेली चुकीची ओळख हे शिक्षेमागचे एक कारण होते.

एकच माणूस की अनेकांतून एक

घटनास्थळाजवळ काही मिनिटांत सापडलेला माणूस साक्षीदारासमोर नेऊन ‘हाच का?’ असे विचारणे ही सर्वांत जलद पद्धत आहे. स्मृती ताजी असते, आणि माणूस तो नसेल तर त्याची लगेच सुटका होऊन शोध पुढे सरकतो. हे दोन्ही फायदे खरे आहेत. पण बेड्या घातलेला, दोन शिपायांच्या मध्ये उभा असलेला माणूस प्रश्नाआधीच उत्तर सुचवतो. त्याहून मोठी उणीव गणिताची आहे. सहा जणांत एक संशयित आणि पाच डमी, म्हणजे गुन्ह्याशी संबंध नसलेली, केवळ मिसळण्यासाठी घेतलेली माणसे असतील, तर अंदाजाने बोट दाखवणाऱ्या साक्षीदाराची चूक बहुधा एखाद्या डमीवर पडते, आणि तो निर्दोष असल्याचे आधीच ठाऊक असल्यामुळे ती तिथेच उघडी पडते. समोर एकच माणूस असेल तर प्रत्येक चूक त्याच्यावरच पडते आणि ती चूक होती हे कळायला काही मार्ग उरत नाही. म्हणून ही पद्धत फक्त अटकेइतका पुरावा हाती नसताना आणि माणूस निसटण्याचा धोका असतानाच वापरावी. अटकेपुरता पुरावा असेल, तर परेडची वाट पाहावी.

मात्र डमी वर्णनाला धरून निवडलेले नसतील, तर अनेकांचा हा फायदा केवळ कागदावर राहतो. साक्षीदाराने ‘डाव्या भुवईवर व्रण’ सांगितला असेल आणि सहा चित्रांपैकी एकाच चेहऱ्यावर तो दिसत असेल, तर बाकीचे पाच चेहरे निव्वळ भरती आहेत. अशा वेळी एकतर तसा व्रण सगळ्यांच्या चित्रात दाखवावा, नाहीतर सगळ्यांच्याच भुवईची ती जागा सारखी झाकावी. संच तयार झाल्यावर घटना न पाहिलेल्या काही लोकांना फक्त ते वर्णन वाचून दाखवावे आणि चेहरा निवडायला सांगावे. त्यांतले बहुतेक जण संशयितावरच येऊन थांबले, तर तो संच बदलायला हवा.

छायाचित्र, चित्रफीत की प्रत्यक्ष परेड

प्रत्यक्ष परेडमध्ये उंची, ठेवण, चालणे दिसते, म्हणून ती सर्वांत विश्वासार्ह असावी असे सहज वाटते. संशोधनात मात्र तिची सरशी अपेक्षेइतकी दिसलेली नाही. सारखे दिसणारे डमी मिळवण्यात दिवस जातात आणि संशयिताच्या समोर उभे राहण्याची भीती साक्षीदाराला ग्रासते. छायाचित्रे लवकर जमतात. इंग्लंडमध्ये आता मुख्यतः चित्रफितीची पद्धत वापरली जाते. तिथल्या नियमांनुसार संशयिताशिवाय किमान आठ चेहरे असावे लागतात आणि साक्षीदाराला संपूर्ण संच किमान दोनदा दाखवावा लागतो. साधने असतील तर चित्रफीत निवडावी, नसतील तर नीट जुळवलेली छायाचित्रे पुरेशी आहेत.

एकत्र की एकामागून एक

सगळे चेहरे एकत्र दिसले की साक्षीदार त्यांची आपसांत तुलना करतो आणि स्मृतीतल्या चेहऱ्याला सर्वांत जवळचा वाटेल तो निवडतो. खरा गुन्हेगार संचात नसला, तरी ‘सर्वांत जवळचा’ कोणीतरी असतोच. १९८५ मध्ये रॉड लिंडसे आणि गॅरी वेल्स या मानसशास्त्रज्ञांनी चेहरे एकेक करून दाखवून पाहिले, तेव्हा चुकीच्या ओळखी लक्षणीय कमी झाल्या. पुढील अभ्यासकांनी दाखवून दिले की या पद्धतीत साक्षीदार एकूणच हात आखडता घेतो, त्यामुळे खऱ्या ओळखीही घटतात. २०१४ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय संशोधन परिषदेने आपल्या अहवालात दोहोंपैकी एकीची शिफारस करण्याचे टाळले. दोन्हींपैकी कोणतीही घ्यावी. फक्त दलात सर्वत्र एकच असावी.

परेड कोण घेतो

खरा फरक इथे पडतो. संशयित कोणता हे माहीत असलेला अधिकारी प्रामाणिक असला, तरी तिसऱ्या चित्रावर त्याचा हात क्षणभर रेंगाळतो, डमीवर बोट पडले की तो ‘घाई नको, नीट पाहा’ म्हणतो आणि संशयितावर पडले की लिहू लागतो. साक्षीदाराला मदत करायची असते, म्हणून ही खूण त्याच्या नकळत त्याच्यापर्यंत पोहोचते.

रोनाल्ड कॉटन याचे प्रकरण या दृष्टीने वाचण्यासारखे आहे. १९८४ मध्ये नॉर्थ कॅरोलिनात एका तरुणीवर बलात्कार झाला. हल्लेखोराचा चेहरा लक्षात ठेवण्याचा तिने त्या प्रसंगातही कसोशीने प्रयत्न केला होता. छायाचित्रांतून तिने कॉटनला निवडले आणि निवड योग्य असल्याचे तिला पोलिसांच्या बोलण्यातून कळले. पुढे प्रत्यक्ष परेडमध्ये ती दोघांमध्ये घुटमळली आणि अखेर कॉटनवर थांबली. दोन्ही वेळा समोर आलेला चेहरा त्याचा एकट्याचाच होता. न्यायालयात मात्र तिच्या मनात शंकेचा लवलेश नव्हता. पुढे खरा गुन्हेगार बॉबी पूल न्यायालयात तिच्यासमोर आला, तेव्हा तिने त्याला ओळखले नाही. १९९५ मध्ये डीएनए चाचणीनंतर कॉटन सुटला, तेव्हा त्याची दहा वर्षे तुरुंगात गेली होती.

उपाय अवघड नाही: संशयित कोणता हे ठाऊक नसलेल्या अधिकाऱ्याने परेड घ्यावी. भारतात ओळखपरेड सहसा दंडाधिकाऱ्यांपुढे, पोलीस दूर ठेवून होते, त्यामागचा हेतू हाच आहे. पण दंडाधिकाऱ्यांनाही संशयित कोणता ते ठाऊक नसेल तरच तो पूर्ण साधतो. मनुष्यबळ अपुरे असलेल्या ठाण्यासाठी पाकिटांची युक्ती आहे. प्रत्येक छायाचित्र सारख्याच दिसणाऱ्या स्वतंत्र पाकिटात घालून पाकिटे पिसावीत, शेवटी काही रिकामी पाकिटे ठेवावीत, आणि साक्षीदार ती उघडत असताना अधिकाऱ्याने चित्र दिसणार नाही अशा जागी बसावे. खर्च पाकिटांपुरताच येतो.

पहिल्या मिनिटातले शब्द

परेडपूर्वी साक्षीदाराला ‘तो माणूस यात असेल किंवा नसेलही, आणि तपास दोन्ही परिस्थितींत सुरूच राहील’ असे स्पष्ट सांगावे. ओळख पटताच, इतर कोणी काही बोलण्याआधी, त्याची खात्री किती आहे ते त्याच्याच शब्दांत लिहून घ्यावे. वेल्स आणि एमी ब्रॅडफिल्ड यांनी १९९८ मध्ये दाखवले की ‘छान, संशयिताला बरोबर ओळखलेत’ एवढ्या एका वाक्याने साक्षीदाराची खात्री तर वाढतेच, शिवाय आपण घटना किती स्पष्ट पाहिली होती याची त्याची आठवणही बदलते. म्हणून महिन्यांनंतर न्यायालयात दिसणाऱ्या ठाम आत्मविश्वासापेक्षा पहिल्या क्षणीची ‘बहुतेक हाच’ ही नोंद अधिक मोलाची ठरते. परेड रीतसर झाली असेल, तर त्या क्षणीची ठाम खात्री हा चांगला पुरावा असतो. संपूर्ण परेडचे चित्रीकरण केले, तर पुढे कुणाच्या शब्दावर विसंबून राहावे लागत नाही.

हाच संशयित त्याच साक्षीदाराला पुन्हा दाखवू नये, कारण दुसऱ्या वेळी चेहरा घटनेतून आठवतो की मागच्या परेडमधून, हे साक्षीदारालाही सांगता येत नाही. आणि ‘यात तो नाही’ हे उत्तर किंवा डमीवर पडलेले बोट ओळखीइतक्याच काळजीने नोंदवून तो कागद बचाव पक्षालाही मिळेल, अशी तरतूद कार्यपद्धतीत लेखी असावी.