संयुक्त खातं, गूगल शीट आणि गृहकर्जाचं पार्ट-पेमेंट: वापरानंतरचा अनुभव (व्यवस्थेला चार तारे, बँकेच्या ॲपला दोन)

दोघंही कमावते, गृहकर्जात दोघंही सहकर्जदार, शिवाय एक पर्सनल लोन आणि एक क्रेडिट कार्ड मानेवर, अशा घरासाठी हा रिव्ह्यू आहे. संयुक्त खातं काय असतं, ईएमआय कसा बसतो हे सांगण्यात वेळ घालवत नाही. मांडणी साधी आहे: दोघांची आपापली पगाराची खाती, घराचं एक संयुक्त खातं, हिशेबाला एक गूगल शीट, आणि महिन्याअखेर जे उरेल ते कर्जावर. काही महिने चालवल्यावर यातलं बरंचसं पसंत पडलं. तरीही लिहायला बसवलं ते बँकेच्या ॲपमधल्या 'पार्ट-पेमेंट' (कर्जाचा काही भाग मुदतीआधी भरणं) या बटणाने. आपण एक लाख भरतो आणि ते बटण आपल्याला काही न विचारता ईएमआय कमी करून टाकतं. मुदत जशीच्या तशी.

वरवर बघितलं तर बरंच वाटतं, हप्ता कमी झाला. आता आकडे बघा. ३० लाखांचं कर्ज, साडेआठ टक्के, २० वर्षं: ईएमआय २६,०३५. पहिल्याच हप्त्यात व्याज २१,२५० आणि मुद्दल जेमतेम ४,७८५. वर्षभराने बाकी साधारण २९ लाख ४० हजार, उरलेले हप्ते २२८. त्या दिवशी एक लाख भरले आणि हप्ता तोच ठेवला तर उरलेले हप्ते २१० वर येतात. दीड वर्ष गेलं, व्याज वाचलं सुमारे ३ लाख ७० हजार. तेच बँकेने ईएमआय कमी केला तर हप्ता ८८५ रुपयांनी उतरतो, २२८ हप्ते कायम, आणि वाचणारं व्याज एक लाखाच्या आसपास. पैसे तेच, दिवस तोच. फरक फक्त एका खुणेचा, आणि ती खूण करायला स्क्रीनवर जागाच नाही.

आमच्या बँकेचं (नाव घेत नाही) म्हणणं, मुदत कमी करायची तर शाखेत अर्ज द्या, त्यावर दोन्ही कर्जदारांच्या सह्या हव्यात. म्हणजे पैसे घ्यायला एकाचा ओटीपी चालतो, आणि ते कुठे लावायचे हे सांगायला दोघांनी कामाच्या दिवशी शाखेत हजर व्हायचं. याच्या जोडीला आणखी एक सापळा आहे. ॲप टाळून कर्जखात्यावर थेट एनईएफटीने पैसे पाठवले तर काही ठिकाणी ती रक्कम मुद्दलातून वजाच होत नाही, 'ॲडव्हान्स हप्ता' म्हणून बाजूला पडून राहते आणि पुढचे हप्ते तीतून वळते होतात. तुमच्या डोक्यात कर्ज कमी झालेलं असतं आणि व्याज जुन्याच बाकीवर चालू असतं. म्हणून भरणा केल्यावर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी कर्जखात्याचा उतारा काढा आणि दोन आकडे बघा: मुद्दल बाकी किती, उरलेले हप्ते किती. रिझर्व्ह बँकेच्या १८ ऑगस्ट २०२३ च्या परिपत्रकानुसार दर तिमाहीला बँकेने विवरण उपलब्ध करून द्यायचं असतं, त्यात आजवर वसूल झालेलं मुद्दल आणि व्याज, हप्त्याची रक्कम, उरलेले हप्ते आणि वार्षिक दर असतो. ते ॲपमध्ये कुठेतरी खोल दडवलेलं असतं. शोधा.

गंमत म्हणजे व्याजदर उतरतो तेव्हा हीच बँक नेमकं उलटं करते. २०२५ मध्ये रेपो दर (रिझर्व्ह बँक बँकांना ज्या दराने कर्ज देते तो) साडेसहावरून सव्वापाचवर आला आणि त्यामागे कर्जाचा दर उतरला, तेव्हा ईएमआय होता तोच राहिला आणि मुदत आपोआप घटली. म्हणजे मुदत कमी करण्याचं तंत्र यांच्या सिस्टिममध्ये आहे. आपण पदरचे पैसे भरतो तेवढ्या वेळेलाच ते सापडत नाही.

असो. बाकीच्या मांडणीबद्दल.

संयुक्त खातं उघडताना 'आयदर ऑर सर्व्हायव्हर' (दोघांपैकी कोणीही एकट्याने व्यवहार करू शकतो) हाच प्रकार घ्या. 'जॉइंटली' घेतलंत तर प्रत्येक व्यवहाराला दोघांची संमती लागते आणि ऑनलाइन वापर जवळजवळ बंद होतो. दोघांचेही मोबाईल नंबर खात्याला जोडून घ्या, नाहीतर दुसऱ्याचं यूपीआय सुरूच होत नाही आणि भाजीचे पैसे पुन्हा पगाराच्या खात्यातून जायला लागतात. शाखेकडून दुसरा नंबर जोडून घेणं अगदीच अशक्य झालं तर यूपीआय सर्कल (आपल्या खात्यातून दुसऱ्याला यूपीआयने पैसे भरू देण्याची सोय) वापरता येतं, पण त्यातल्या दर वेळी मंजुरी न लागणाऱ्या प्रकाराला महिन्याला १५,००० आणि एका व्यवहाराला ५,००० ची मर्यादा आहे. किराण्याला पुरतं, शाळेच्या फीला नाही.

कोणी किती टाकायचे यावर घरोघरी वाद. निम्मं-निम्मं ऐकायला न्याय्य वाटतं, पण गणित करून बघा. पगार ७०,००० आणि ५०,०००, घराचा एकूण भार (ईएमआय धरून) ८४,०००. निम्मे केले तर प्रत्येकी ४२,०००; एकाच्या हातात २८,००० उरतात, दुसऱ्याच्या हातात ८,०००. दुसरा माणूस तिसऱ्या आठवड्यात क्रेडिट कार्ड काढणार, आणि त्यात त्याचा दोष नाही. पगाराच्या प्रमाणात, म्हणजे सातास पाच टाकले तर ४९,००० आणि ३५,०००. हातात २१,००० आणि १५,०००. यातले पाच-पाच हजार 'विचारायचं नाही' या खात्यावर सोडायचे. खरंच विचारायचं नाही. बाकीचे कर्जाकडे.

ईएमआयची तारीख पगारानंतर तीन-चार दिवसांची ठेवा. १ ऑगस्ट २०२१ पासून नॅच (हप्ता खात्यातून आपोआप कापणारी यंत्रणा) रविवारी आणि सुट्टीच्या दिवशीही चालतं, त्यामुळे 'सोमवारी कापतील' हा जुना अंदाज चुकतो. खात्यात पैसे नसल्याने हप्ता परतला तर कर्ज देणारा वेगळा दंड लावतो आणि ज्या बँकेत खातं आहे ती वेगळा. संयुक्त खात्यात एका हप्त्याएवढी रक्कम कायम पडून राहू द्या. तिच्यावरचं व्याज बुडतं म्हणून कुरकुर करू नका.

शीटमध्ये पाचच स्तंभ ठेवा: तारीख, कोणी, कशावर, किती, कुठून. 'कशावर' याला ड्रॉपडाउन हवाच, नाहीतर 'भाजी', 'भाज्या' आणि 'मंडई' असे तीन खर्च तयार होतात आणि सम-इफ्स सूत्र तिघांची बेरीज वेगवेगळी देतं. दहा-बारा वर्ग पुरे. चाळीस वर्ग करणारे उत्साही लोक दुसऱ्या महिन्यात शीट सोडतात.

शीटचा खरा शत्रू यूपीआय लाइट, म्हणजे आधी पैसे भरून ठेवायचं यूपीआयमधलं छोटं पाकीट. वडापाव, रिक्षा, कोथिंबीर हे सगळं लाइटमधून गेलं की बँकेच्या उताऱ्यात फक्त 'टॉप-अप' दिसतो. सुरुवातीला हे चीड आणतं, कारण महिन्याअखेरीला ताळा बसत नाही. नंतर लक्षात आलं की हीच सोय आहे: दर सोमवारी दोघांनी एकेक हजाराचा टॉप-अप करायचा, शीटमध्ये 'चिल्लर' म्हणून एकच ओळ टाकायची, आणि त्याच्या आत डोकावायचं नाही. नोंदी निम्म्याहून कमी होतात. या एका गोष्टीला पाचपैकी पाच.

वर्षातून एकदा येणाऱ्या खर्चांसाठी वेगळी ओळ आणि वेगळी आरडी (दरमहा भरायची आवर्ती ठेव). समजा शाळेची फी ३०,०००, मुदत विमा १५,०००, गाडीचा विमा ९,०००, मालमत्ता कर ६,०००, गणपती-दिवाळी १२,०००. मिळून ७२,०००, म्हणजे महिन्याला ६,०००. कागदावर सोपं, पण एप्रिलमध्ये सुरुवात केली तर पहिल्या वर्षी हमखास फसतं. पुण्यात मालमत्ता कर सुरुवातीच्या ठरावीक मुदतीत भरला तर सवलत, जूनमध्ये शाळा, आणि तोवर आरडीत बारा-अठरा हजारच जमलेले. एकतर दिवाळी संपल्यावर लगेच सुरू करा, नाहीतर पहिल्या वर्षी बोनसमधून वीस-पंचवीस हजार आधी टाकून ठेवा.

आता कर्जांची यादी. इथे बहुतेक शीट खोटं बोलतात. कर्मचारी पतपेढीचा हप्ता पगारपत्रकातच कापला जातो, खात्यावर येतो तो उरलेला पगार. त्यामुळे ते कर्ज शीटमध्ये दिसतच नाही. पगाराच्या रकान्यात कापून आलेली रक्कम लिहू नका, पूर्ण पगार लिहा आणि पतपेढीचा हप्ता खर्चात दाखवा. त्याच पानावर जामीनकीचा रकाना हवा. सहकाऱ्याला जामीन राहिला असाल तर त्याने थकवल्यावर वसुली तुमच्या पगारातून होऊ शकते, आणि हे जोडीदाराला कळतं ते पगार कमी आला की. सोनेतारणात 'मुदतीअखेर एकरकमी' प्रकार असेल तर दर महिन्याचं चढणारं व्याज शीटमध्ये स्वतः लिहा, कारण बँक त्याची आठवण करून देत नाही. एलआयसी पॉलिसीवरचं कर्ज, वाण्याची वही, भिशीचा आधीच उचललेला नंबर: सगळं त्या पानावर. भिशी उचलली असेल तर ते कर्जच आहे.

फेडण्याचा क्रम व्याजदराने लावा. क्रेडिट कार्ड सगळ्यात आधी, यावर चर्चा नको. ४०,००० चं बिल आलं आणि 'किमान देय' २,००० भरले, तर उरलेल्या ३८,००० वर साडेतीन टक्के महिना धरून व्याज १,३३०, त्यावर १८ टक्के जीएसटी २३९. दोन हजार भरून बाकी उतरली जेमतेम ४३० रुपयांनी. वर नव्या खरेदीलाही बिनव्याजी दिवस मिळत नाहीत. आज घेतलेल्या पेट्रोलवर आजपासून व्याज. पूर्ण बाकी फिटेपर्यंत ते कार्ड खिशात ठेवूच नका.

पर्सनल लोनमध्ये मात्र घाई नेहमीच शहाणपणाची नसते. दर बहुतेकदा स्थिर असतो आणि मुदतीआधी फेडीला बहुधा शुल्क लागतं, कर्जाच्या 'की फॅक्ट स्टेटमेंट'मध्ये (अटी आणि शुल्कांच्या गोषवाऱ्यात) ते छापलेलं असतं. दोन लाख, १४ टक्के, २४ हप्ते उरलेले, शुल्क चार टक्के आणि त्यावर जीएसटी धरा: आज फेडलं तर शुल्क ९,४४० आणि वाचणारं व्याज ३०,४६०. फेडा. पण सहाच हप्ते उरले असतील तर बाकी सुमारे ५५,३४०, उरलेलं व्याज २,२८० आणि शुल्क २,६१०. तिथे फेडणं तोट्याचं. तेच पैसे गृहकर्जात टाका, कारण वैयक्तिक गृहकर्ज तरत्या (वेळोवेळी बदलणाऱ्या) दराचं असेल तर बँक मुदतीआधी भरण्याला शुल्क लावू शकत नाही.

'कर वाचतो म्हणून गृहकर्ज राहू द्या' असा सल्ला देणारा एक तरी काका प्रत्येक घरात असतो. नव्या करप्रणालीत स्वतः राहत्या घराच्या व्याजाची वजावट मिळत नाही. काकांना जुनी प्रणाली आठवते आहे.

इथवर लिहिल्यावर शीटमध्ये ते ८८५ रुपये पुन्हा फिरवून पाहिले, आणि बटणाबद्दलचं मत थोडं बदललं आहे. ईएमआय ८८५ ने उतरला आणि तेच ८८५ दर महिन्याला मुद्दलात टाकत राहिलो, तर शेवट तोच येतो: साधारण २१० हप्ते. व्याज बाकीवर बसतं, पर्यायाच्या नावावर बसत नाही. वाचलेला हप्ता किराण्यात विरघळतो तेव्हा नुकसान होतं. उलट दोघांपैकी एकाची नोकरी डळमळीत असेल, किंवा बाळंतपणात पगार काही महिने बंद राहणार असेल, तर कमी ईएमआय जास्त सुरक्षित. अडचणीत बँक बांधील हप्ताच मागते, स्वखुशीने भरलेला नाही. तेव्हा शाखेत सह्यांची यात्रा जमत नसेल त्यांनी संयुक्त खात्यातून त्या फरकाची स्थायी सूचना (दर महिन्याला आपोआप पैसे वळते करण्याची) लावावी. एक अडचण राहतेच: काही कर्जदाते, विशेषतः गृहवित्त कंपन्या, ठरावीक किमान रकमेखाली पार्ट-पेमेंट घेत नाहीत. मग तो फरक आरडीत साठवून वर्षातून एकदा भरायचा. थोडं व्याज बुडतं, पण पैसे किराण्यात जात नाहीत.

बटणाचे तारे तरीही दोनच. मत पर्यायाबद्दल बदललं, न विचारण्याबद्दल नाही.

तक्रार करायची असेल तर लेखी करा, ॲपच्या चॅटमध्ये नको. अर्जात कर्जखाते क्रमांक, भरण्याची तारीख, यूटीआर (त्या व्यवहाराचा ओळख) क्रमांक, भरण्याआधीचे आणि नंतरचे उरलेले हप्ते, आणि एकच मागणी: 'ईएमआय पूर्ववत ठेवून मुदत कमी करावी आणि सुधारित परतफेड तक्ता द्यावा.' खाली दोघांच्या सह्या; एकट्याच्या सहीचा अर्ज परत येतो. पोच घ्या. ३० दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे ऑनलाइन तक्रार करता येते, शुल्क नाही; माहितीसाठी १४४४८ हा क्रमांक आहे. आमच्या अर्जाची पोच मिळाली आहे, तक्ता यायचा आहे. आला की उरलेल्या हप्त्यांचा आकडा इथे टाकतो.