हुआ हिनचं जुनं गोल्फ मैदान, एका सोलापूरकराच्या नजरेतून

आमचा टॉवेलचा धंदा. गोल्फचा नाद लागला तो पुण्यात मुलाकडे राहताना. थायलंडच्या बीचवर जायचं ठरलं तेव्हा बायकोची अट एकच, "समुद्र सोडून लांब कुठं न्यायचं नाही." म्हणून रॉयल हुआ हिन. गावातच, रेल्वे स्टेशनला लागून. १९२४ सालचं, स्कॉटिश रेल्वे इंजिनिअरनं आखलेलं, १८ होलचं. मेंबरशिप लागत नाही, पैसे भरा आणि खेळा.

हॉटेलच्या काउंटरवरचं पॅकेज मात्र घेऊ नका. मी घेतलं आणि फसलो. मैदानावर थेट विचारलं तर बरंच स्वस्त होतं. कॅडी, म्हणजे काठ्यांची पिशवी सांभाळणारी मदतनीस, घ्यावीच लागते, तिची टीप वेगळी. भाड्याच्या किटमधला ड्रायव्हर, म्हणजे लांब फटका मारायची काठी, पार गुळगुळीत झालेला.

सकाळची पहिली वेळ घ्या. सोलापूरचं ४२ डिग्री सोसलेला माणूस मी, पण तिथल्या दमट हवेनं नवव्या होललाच गळालो. आपलाच टॉवेल कामी आला. पिशवीतली कडक भाकरी नि शेंगाचटणी कॅडीबाईंना दिली. त्यांनी चटणी दोनदा मागून घेतली, भाकरी मात्र हळूच परत केली.