ॲनिमल हाउस की आयव्हीएफ लॅब?

भाची बडोद्याच्या एमएस युनिव्हर्सिटीत झूऑलॉजीत एम.एस्सी. करतेय, शेवटचं सेमिस्टर. गेल्या रविवारी दांडिया बाजारात आमच्याकडे आली, शेवउसळीची प्लेट संपवली आणि म्हणाली, "आत्या, प्रजनन-हॉर्मोन्सवर पीएचडी करू की एम्ब्रिऑलॉजी, म्हणजे लॅबमध्ये गर्भ वाढवायचं तंत्र, शिकून आयव्हीएफ सेंटरला लागू?" मी पहिल्या वाटेने गेलेली, दुसरीवर दोन जिवलग मैत्रिणी. माझं पारडं जरा झुकतं असेल, ते धरूनच वाचा.

दोन्हीकडे हॉर्मोन तेच. मेंदूतल्या हायपोथॅलॅमसमधून जीएनआरएच हा हॉर्मोन सुटतो, त्यावर मेंदूखालची पिट्युटरी ग्रंथी एफएसएच आणि एलएच हे दोन हॉर्मोन सोडते, आणि ते बीजकोशाला कामाला लावतात. फरक आहे तो प्रश्नात. १९७८ साली अर्न्स्ट क्नोबिल यांच्या गटाने माकडांवर दाखवलं की जीएनआरएच तासाला एक असा ठोक्याठोक्याने दिला तर एलएच-एफएसएच स्रवत राहतात, तोच सलग दिला तर पिट्युटरी गप्प बसते. संशोधक विचारतो, हा ठोका देतं कोण? त्यातला किसपेप्टिनचा, म्हणजे जीएनआरएच सोडायला लावणाऱ्या मेंदूतल्या रेणूचा, मोठा धागा हाती यायला २००३ उजाडलं. म्हणजे पंचवीस वर्षं! आयव्हीएफवाले त्याच गप्प बसण्याचा उपयोग करून घेतात. ल्युप्रोलाइडसारखं जीएनआरएचची नक्कल करणारं औषध देत राहून स्त्रीबीज वेळेआधी सुटू देत नाहीत. ठोका कुठून येतो, यावाचून त्यांचं काही अडत नाही.

पैशाचं पटकन सांगते. नेट परीक्षेतून जेआरएफ ही संशोधनाची फेलोशिप मिळाली तर महिना ३७,००० रुपये, दोन वर्षांनी ४२,०००, वर घरभाडं. पाच वर्षांनी काय, याची हमी कुणी देत नाही. क्लिनिकमध्ये सुरुवातीला शिकाऊ म्हणून हात आखडताच असतो, पण हात बसला की मागणी असते. मात्र आयव्हीएफसारख्या उपचारांवरच्या २०२१ च्या एआरटी कायद्यानंतर एम्ब्रिऑलॉजिस्टची पात्रता नियमांनी बांधलेली आहे. काही आठवड्यांच्या कोर्सची फी भरण्याआधी ते नियम वाचायचे.

आता रोजचं आयुष्य. उंदरीणीचं चक्र चार-पाच दिवसांचं. रोज सकाळी त्याच वेळी योनीत सलाइनचा थेंब, त्यात आलेल्या पेशींचा स्मिअर, स्लाइड, मायक्रोस्कोप. कडा दुमडलेल्या चपट्या पेशींचा थर दिसला की इस्ट्रस, म्हणजे माजाची अवस्था. हे मी चार वर्षं केलं, त्यात सणवार नाही. एका दिवाळीच्या सुट्टीत (संस्थेचं नाव राहू दे) आमच्या ॲनिमल हाउसचा लाइटचा टायमर अडकला. दाणापाणी करणारे काका दिवसाच यायचे, त्यांना दिवे चालू दिसण्यात वावगं काय वाटणार? तीन आठवडे अंधारच नाही. परत येऊन स्मिअर घेतले तर एकामागून एक पिंजरा इस्ट्रसमध्येच अडकलेला. अखंड उजेडात उंदरांचं असं होतं, हे मी पुस्तकात वाचलं होतं. तो प्रयोग मला करायचा नव्हता. तीन महिन्यांचं काम गेलं, आणि गाइड म्हणाले, "चला, लाइटचा परिणाम तरी नीट कळला."

मैत्रिणीचा दिवस वेगळा. बीजं पक्की करणाऱ्या ट्रिगरच्या इंजेक्शननंतर साधारण ३६ तासांनी बीजं काढायची, म्हणजे वेळ घड्याळ ठरवतं. उत्तरायणाला अख्खं बडोदं अगाशीवर, आणि ही इन्क्युबेटरपाशी. फलन केल्यावर १६ ते १८ तासांनी पाहायचं. दोन केंद्रकं, एक बीजाचं आणि एक शुक्राणूचं, शेजारी शेजारी दिसली की ती पहिल्यांदा श्वास सोडते. पाचव्या दिवशी ब्लास्टोसिस्ट, म्हणजे आत सोडण्याजोगा वाढलेला गर्भ, आणि गर्भ आत सोडल्यावर दोनेक आठवड्यांत रक्ताचा रिपोर्ट. उत्तर लवकर मिळतं, पण 'नाही' आलं तर समोर माणूस बसलेलं असतं. माझे उंदीर निदान रडत नव्हते.

दोन्ही वाटा एकमेकींना अगदीच परक्या नाहीत. ६ ऑगस्ट १९८६ ला मुंबईत केईएममध्ये हर्षा ही तेव्हा देशातली पहिली मानली गेलेली टेस्टट्यूब बेबी जन्मली, तेव्हा डॉक्टर इंदिरा हिंदुजांबरोबर परळच्या प्रजनन संशोधन संस्थेचे टी. सी. आनंद कुमार होते, म्हणजे मूळचे हॉर्मोनवालेच. पुढे त्याच आनंद कुमारांनी कोलकात्याचे डॉक्टर सुभाष मुखोपाध्याय यांच्या नोंदी वाचल्या आणि १९९७ मध्ये जाहीर सांगितलं, देशातल्या पहिल्या टेस्टट्यूब बेबीचा मान मुखोपाध्यायांचा. मुखोपाध्यायांनी १९७८ मध्येच गोनॅडोट्रोपिन, म्हणजे एफएसएच-एलएचच्या जातीचे हॉर्मोन, देऊन बीजं वाढवली होती, गर्भ गोठवून वापरला होता. त्यांच्यावर कुणी विश्वास ठेवला नाही, १९८१ मध्ये त्यांनी जीव दिला. स्वतःच्या नावावरचा मान आपणहून दुसऱ्याला देणं! माझ्या क्षेत्रातली मला सगळ्यात आवडणारी गोष्ट हीच.

माझं मत विचाराल तर, वर्ष-दीड वर्ष एकाच ग्राफकडे बघत बसता येत असेल तर पीएचडी. हात स्थिर असेल, रिझल्ट लवकर हवा असेल आणि लोकांच्या रडण्याने झोप उडत नसेल तर क्लिनिक. पीएचडी करून क्लिनिकला गेलेल्या मी पाहिल्यात, क्लिनिकमधून परत फेलोशिपवर आलेली एकही नाही. म्हणून भाचीला म्हटलं, नेट तर देऊन ठेव.

"ते देईन गं," ती म्हणाली, "पण उंदीर शेपटीने पकडायचा असतो का?"

शेपटीच्या मुळाशी, आणि घाई न करता. उद्या डिपार्टमेंटमध्ये एखादा धरून बघ म्हटलं, मग फॉर्म भर.