कॉकटीलची कोरडी त्वचा आणि किरकोळ जखमा : घरगुती उपायांचा वापरानंतरचा अनुभव

ठाण्यात घोडबंदर रस्त्यावरील आमच्या घरी कॉकटील या तुरेवाल्या छोट्या पोपटांची जोडी आहे. नर राखाडी आहे आणि मादी फिकट पिवळ्या रंगाची, म्हणजे ल्युटिनो आहे. गेल्या पावसाळ्याच्या अखेरीपासून या उन्हाळ्यापर्यंत त्यांच्या कोरड्या त्वचेसाठी आणि अधूनमधून होणाऱ्या खरचटण्यासाठी मी कोरफड, सलाइन, कॉर्नफ्लोर, खोबरेल तेल आणि कडुनिंबाचा पाला वापरला. त्याआधी पक्ष्यांच्या डॉक्टरांकडून दोघांची तपासणी करून घेतली होती. खाजेचे मूळ माइट (अंगावर जगणारे सूक्ष्म किडे), बुरशी किंवा पोटातल्या परजीवींत असेल, तर घरगुती उपायांत फक्त वेळ जातो आणि दुखणे वाढत राहते.

या सगळ्या काळात एक गोष्ट मी सतत ध्यानात ठेवली. पक्षी दिवसातला बराच वेळ चोचीने पिसे विंचरण्यात घालवतो, त्यामुळे त्याच्या अंगावर जे लावाल ते तासाभरात त्याच्या पोटात जाते. म्हणून कोणताही उपाय निवडताना तो त्वचेला चांगला आहे का, याआधी तो पक्ष्याने गिळला तर चालेल का, हे मी पाहिले. एवढ्या एका कसोटीवरच माणसांसाठीची बहुतेक मलमे बाद होतात. जागा बधिर करणारे औषध असलेली आणि स्टेरॉइड असलेली मलमे तर पक्ष्याच्या जिवावर बेतू शकतात.

कोरडेपणा म्हणून जे दिसते ते प्रत्येक वेळी कोरडेपणा नसतो, हेही सांगायला हवे. कॉकटीलच्या अंगावर मुळातच पांढरी भुकटी असते. त्यांची काही खास पिसे टोकाशी झिजून ही भुकटी तयार होते आणि पक्षी ती सगळ्या अंगावर पसरवतो. पीसझडीच्या दिवसांत नवे पीस एका पातळ आवरणातून बाहेर येते, ते आवरण फुटले की पिंजऱ्याखालच्या कागदावर कोंड्यासारखे कण साचतात. या दोन्ही गोष्टी निरोगीपणाच्या आहेत. आमच्या मादीच्या तुऱ्यामागे वाटाण्याएवढी जागा उघडी आहे. ल्युटिनो कॉकटीलमध्ये हे टक्कल आनुवंशिक असते आणि त्यावर कोणतेही तेल किंवा रस लावून पिसे येत नाहीत. तिथे तेल चोळण्याचे सल्ले मला अनेकांनी प्रेमाने दिले, पण मी ते पाळले नाहीत. खरा कोरडेपणा दिसला तो नराच्या पायांवर आणि पंखांखाली. पायांवरचे खवले उचललेले होते, पंखांखालची त्वचा निस्तेज झाली होती आणि तो एकाच जागी पुन्हा पुन्हा चोच नेत होता.

ठाण्यासारख्या दमट गावात त्वचा कोरडी कशी पडेल, असा प्रश्न साहजिक आहे. डिसेंबर-जानेवारीत जमिनीकडून येणारे कोरडे वारे आणि एप्रिल-मेमध्ये रात्रभर चालणारा एसी यांचा त्यात वाटा असतो. आमच्याकडे मेट्रोच्या कामाची धूळही आहे. तरीही माझ्या मते मोठे कारण हवेपेक्षा आहारात होते. आमची जोडी आधीच्या घरी केवळ राळे आणि सूर्यफुलाच्या बियांवर वाढलेली होती. अशा बियांत अ जीवनसत्त्व जवळजवळ नसते आणि त्याची कमतरता झाली की त्वचा व श्वासमार्गाचे अस्तर जाड, कोरडे होते. म्हणून जांभळी नाक्याच्या बाजारातून शेवग्याचा पाला, माठ, गाजर आणि लाल भोपळा आणून रोज सकाळी बियांच्या आधी द्यायला लागलो. नराने गाजराला कित्येक दिवस चोचही लावली नाही. शेवग्याची ओली डहाळी गजांना उलटी टांगली, तेव्हा मात्र तो तिच्यावर लोंबकळून एकेक पान ओढू लागला. याचा परिणाम झटपट दिसत नाही. पुढच्या पीसझडीनंतर आलेली पिसे गुळगुळीत आणि चमकदार होती, तेव्हा कुठे फरक नजरेत भरला. अ जीवनसत्त्वाचे थेंब मी मनाने दिले नाहीत, कारण त्याचा अतिरेकही अपाय करतो. भाजीतल्या कॅरोटिनपासून शरीर हवे तेवढेच बनवून घेते.

वरून करायच्या उपायांत कोरफडीला मी पहिला क्रमांक देईन, परंतु ती नीट तयार केलेली असली तरच. कुंडीतले जाड पान कापून ते देठाकडची बाजू खाली करून पेल्यात उभे ठेवायचे, म्हणजे सालीखालचा पिवळा चीक निथळून जातो. हा चीक जुलाब आणणारा असतो आणि पक्षी तो नक्की गिळतो. नंतर साल जाडसर काढून, आतला पारदर्शक गर धुऊन, उकळून गार केलेल्या पाण्यात मिक्सरमधून फिरवायचा आणि मलमलीतून गाळून स्वच्छ फवाऱ्याच्या बाटलीत भरायचा. फ्रिजमध्ये तो दोन-तीन दिवस टिकतो, पुढे टाकून द्यावा. बाजारातल्या हिरव्या जेलमध्ये रंग, सुगंध आणि काही वेळा अल्कोहोल असते, म्हणून ते मी घरात आणले नाही. फवारा नेहमी सकाळी, पंखा आणि एसी बंद करून, पक्ष्याच्या डोक्यावरून पावसासारखा पडेल असा उडवायचा, तोंडावर नाही. पहिले थेंब पडताच आमचा नर तुरा खाली चपटा करायचा, मग हळूहळू दोन्ही पंख अर्धे उघडून, शेपूट पसरून उलटा लोंबायचा. पावसाळ्यात पिसे उशिरा वाळतात, तेव्हा मी फवाऱ्याचे दिवस कमी केले. खाज निश्चितपणे उतरली. मात्र मादीवर मी फक्त साधे कोमट पाणी फवारत होतो आणि तिची त्वचाही सुधारली, तेव्हा नुसत्या आंघोळीचा वाटाही मोठा आहे असे मला वाटते.

खोबरेल तेल मी फक्त नराच्या पायांवर वापरले, तेही कापसाच्या काडीने पुसट हात फिरवून आणि लगेच टिपून. खवले मऊ झाले. पिसांवर मात्र तेलाचा थेंबही पडू देऊ नये. तेलाने पिसे चिकटतात, त्यांच्यामधली हवा धरून ठेवण्याची क्षमता जाते आणि पक्ष्याचे अंग गार पडू लागते. कापूर घातलेले खोबरेल तर पूर्ण वर्ज्य समजावे, कारण कापूर पक्ष्यांना विषारी आहे. टी ट्री तेलाचेही तसेच. कडुनिंबाच्या पाल्याच्या काढ्याने घातलेल्या आंघोळीत मला साध्या पाण्याहून वेगळे काही आढळले नाही. कोवळ्या डहाळ्या कुरतडायला मात्र दोघांना फार आवडतात.

जखमेचा प्रसंग दिवाळीत आला. कॉकटील अंधारात दचकतात हे सर्वश्रुत आहे. रात्री उशिरा फटाक्यांची माळ लागली आणि मादी पिंजऱ्यात फडफडत गजांवर आदळली. दिवा लावला तेव्हा खालच्या वर्तमानपत्रावर ठिपके पडले होते आणि पंखातले एक वाढते पीस तुटून ठिबकत होते. वाढत्या पिसाच्या दांडीत रक्त खेळते असते, त्यामुळे ते तुटले की जखम लहान असूनही रक्तस्राव घाबरवणारा होतो. कॉकटीलचे वजन साधारण ९० ग्रॅम आणि रक्त त्याच्या सुमारे १० टक्के, म्हणजे जेमतेम ९ मिलिलिटर असते. त्यामुळे चमचाभरदेखील रक्त जाणे ही तिच्यासाठी फार मोठी हानी ठरते. मी तिला मऊ टॉवेलमध्ये सैल धरले. पक्ष्यांना आपल्यासारखे श्वासपटल नसते, छाती हलली तरच श्वास चालतो, म्हणून छातीवर दाब पडता कामा नये. तुटलेल्या टोकाला कॉर्नफ्लोर लावून स्वच्छ गॉजने हलका दाब दिला आणि काही मिनिटांत रक्त थांबले. नख जास्त कापले गेल्यावरही कॉर्नफ्लोर उपयोगी पडते, परंतु उघड्या मांसल जखमेत पीठ किंवा तुरटी भरू नये.

पंखाच्या कडेला खरचटले होते, तिथे मेडिकलच्या दुकानातले ०.९ टक्के सलाइन वापरून दिवसातून दोनदा धुतले. घरी करायचे झाल्यास अर्धा लिटर उकळलेल्या पाण्यात साडेचार ग्रॅम मीठ घालून ते गार होऊ द्यावे. एवढ्यानेच खपली स्वच्छ धरली. हायड्रोजन पेरॉक्साइड मी टाळले, ते नव्याने भरून येणाऱ्या पेशीही मारते. हळदही लावली नाही. आपल्या घरात हळदीवर मोठा विश्वास आहे आणि तो निराधार नाही, पण पक्ष्याच्या जखमेवर पूड बसली की खालची सूज, लाली किंवा पू दिसेनासा होतो. मध चिकट असल्याने आजूबाजूची पिसे गुंततात, त्यामुळे डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय तोही नको. त्या रात्रीपासून पिंजऱ्याजवळ झिरोचा दिवा चालू असतो आणि तशी दुखापत पुन्हा झालेली नाही.

काही बाबतींत मात्र मी घरी थांबणार नाही. मांजराचा दात किंवा नख लागले असेल, तर जखम टाचणीच्या टोकाएवढी दिसली तरी त्याच दिवशी डॉक्टरांकडे जायला हवे. मांजराच्या तोंडातील पाश्चुरेला जिवाणू लहान पक्ष्याला फार थोड्या वेळात मारू शकतात आणि त्यावर प्रतिजैविकच लागते. बजरीगर या लहान पोपटाच्या चोचीवर किंवा पायांवर मधाच्या पोळ्यासारखी सच्छिद्र, पांढरट खपली दिसली तर तो माइटचा रोग असतो. त्यावर कोरफड चालत नाही, डॉक्टरांनी वजन करून दिलेले औषधच लागते. पक्षी पिसे उपटत असेल, पिसे फुगवून पिंजऱ्याच्या तळाशी बसत असेल किंवा त्याचे वजन दहा टक्के घटले असेल, तरीही तेच. मी स्वयंपाकघरातल्या डिजिटल काट्यावर दोघांचे वजन दर रविवारी सकाळी, खाण्याआधी करून वहीत लिहितो. ठाण्यात कुत्र्या-मांजरांचे दवाखाने पुष्कळ असले तरी पक्षी नियमितपणे तपासणारे डॉक्टर मोजके आहेत, म्हणून त्यांचा नंबर आणि रात्रीची वेळ आधीच विचारून पिंजऱ्याशेजारी चिकटवून ठेवली आहे.