घरी वेल्डिंग शिकताना पहिलं काम: अँगलच्या कुंडी स्टँडचा एका पावसाळ्यानंतरचा अनुभव

200 अँपिअरचं छोटं इन्व्हर्टर मशीन घेऊन घरी वेल्डिंग शिकायला लागलो, त्याला आता एक पावसाळा उलटून गेला. हात बसणार की मशीन माळ्यावर जाणार, हे पहिल्या कामावर ठरतं, असं माझं आता ठाम मत झालंय. माझं पहिलं काम होतं कुंड्यांचा दोन मजली स्टँड. एक इंची, 3 एमएम जाडीच्या अँगलचा, म्हणजे L आकाराच्या लोखंडी पट्टीचा. कुणी विचारलं तर आजही हेच सुचवेन.

मुख्य कारण जाडी. हौसेने काही बनवायचं म्हटलं की बहुतेक जण 18 गेजचा चौकोनी पाईप उचलतात. हलका असतो, सफाईदार दिसतो. पण त्याची भिंत जेमतेम 1.2 एमएम. त्यावर 2.5 एमएमचा वेल्डिंग रॉड, ज्याला दुकानात 12 नंबर म्हणतात, जरा रेंगाळला की भोक पडलंच. ते भरायला जावं तर शेजारी दुसरं. तोच रॉड 3 एमएमच्या अँगलवर 75-80 अँपिअरला चालवा, बघायला उसंत मिळते. वितळलेल्या लोखंडाचं चकचकीत तळं पुढे, आणि त्याच्या मागून सरकत येणारी स्लॅगची, म्हणजे रॉडच्या लेपातून सुटणाऱ्या मळीची, मळकट साय. सुरुवातीला दोन्ही एकच वाटतं. तो फरक मुखवट्याच्या काचेतून दिसायला लागला की हात आपोआप सावकाश होतो.

शिवाय वायरिंग धड असेल तर एवढ्या करंटवर घरच्या 16 अँपिअरच्या सॉकेटवर काम निभावतं. 3.15 चा, म्हणजे 10 नंबरचा रॉड 110-120 वर चालवायला गेलं की एमसीबी पडायला लागतो.

माप असं: 600 बाय 300 एमएमच्या दोन चौकटी आणि 550 चे चार पाय. एकूण 5.8 मीटर, म्हणजे 6 मीटरच्या एका नगात सगळं बसतं. मीटरला साधारण 1.1 किलो धरा, सात किलोच्या आतच. वर ठेवायला 25 बाय 3 ची पट्टी, प्रत्येक मजल्यावर पाच तुकडे. आमच्या कोल्हापुरात उद्यमनगरात हा माल सहज मिळतो, पण कुठल्याही तालुक्याच्या गावातही अडचण येऊ नये.

आता जोड मोजा. चौकटींचे आठ कोपरे, पायांचे आठ, पट्ट्यांचे वीस. एकाच साध्या वस्तूत छत्तीस जोड! पट्टी अँगलवर आडवी पडते, तो जोड नवशिक्याला सगळ्यात सोपा, आणि वर कुंडी आली की झाकलाही जातो. पहिल्या पट्टीचा आणि शेवटच्या पट्टीचा वेल्ड शेजारी शेजारी बघितला की आपण किती शिकलो ते कुणी सांगायला लागत नाही.

एक गोष्ट मात्र घाईत करू नका. चौकटीचे चारही कोपरे आधी नुसते टाके, म्हणजे ठिपक्याएवढे वेल्ड, मारून धरा, मग टेपने दोन्ही कर्ण मोजा. 600 बाय 300 ला ते 671 एमएमच्या आसपास येतात, पण आकड्यापेक्षा दोन्ही सारखे असणं महत्त्वाचं. फरक निघाला तर हातोडीने ठोकून सरळ करता येतं, कारण टाका अजून ऐकतो. पुरता वेल्ड केला की ऐकत नाही. मग समोरासमोरचे कोपरे आलटून पालटून भरा. थंड होताना लोखंड वेल्डच्या बाजूला ओढतं, आणि एकाच बाजूने भरत गेलात तर चौकट पतंगासारखी तिरपी होते.

स्टूल, शिडी, गॅलरीची जाळी पहिल्यांदा नकोच. त्यावर माणसाचा भार येतो. गॅल्व्हनाइज्ड, म्हणजे जस्ताचा मुलामा दिलेला पाईपही नको, जस्ताच्या धुराने संध्याकाळी थंडी-ताप भरतो. आणि तेलाचं, केमिकलचं रिकामं बॅरल तर कधीच नाही. आत उरलेल्या वाफेचा स्फोट होऊन माणसं मेली आहेत.

पावसाळ्यात काय झालं? रेड ऑक्साइड प्राइमर आणि वर ऑइल पेंट मारलेला भाग चांगला टिकला. गंज आला तो दोन ठिकाणी. जिथे स्लॅग पूर्ण निघाला नव्हता तिथे रंगाचा पापुद्रा सुटला; आणि पट्टी-अँगलच्या मधल्या फटीत पाणी शिरून तांबड्या रेघा उतरल्या. म्हणून स्लॅग फोडायच्या चिपिंग हॅमरनंतर वायर ब्रश हवाच, आणि पट्ट्यांच्या टोकांना फट दिसेल तिथे वेल्ड फिरवून बंद करा. पायांखाली काळे, म्हणजे जस्ताचा मुलामा नसलेले, नट वेल्ड करून त्यात बोल्ट बसवले, त्यामुळे फरशीवर स्टँड डुगडुगत नाही आणि अँगलची कापलेली टोकं पाण्यात उभी राहत नाहीत. वजनाला तक्रार नाही. ओल्या मातीची दहा इंची कुंडी दहा-बारा किलोची सहज होते, अशा कुंड्या त्यावर आहेत.

मशीनने कुरकुर केली नाही. फक्त ग्राइंडर त्याच्यापासून लांब चालवा, मशीनचा पंखा लोखंडाची भुकटी आत ओढतो. रॉड घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा, दमट रॉड चिकटतो आणि फटफट उडतो. सुरक्षेत काटकसर करू नका: 10-11 शेडची (इतकी गडद) मुखवट्याची काच, चामड्याचे हातमोजे, सुती पूर्ण बाह्यांचा शर्ट. पोरं बघायला येतात, त्यांना आडोशामागे पाठवा. आर्क, म्हणजे रॉडच्या टोकाची प्रखर ठिणगी, नुसता बघितला तरी काही तासांनी डोळ्यांत वाळू गेल्यासारखं होतं.

सध्या त्याच अँगलमध्ये ग्राइंडर आणि व्हाइससाठी (काम धरायच्या शिकंजासाठी) टेबल करतोय. चौकोनी पाईपला हात त्यानंतरच, आणि तोही 2 एमएमचा.