नागपूरच्या बर्डीच्या (सीताबर्डी) त्या माडीवरच्या कॉम्प्युटरवाल्याबद्दल (ज्यानं फॉरमॅट मारला नाही)

दुकानाचं नाव टाकत नाही कारण त्यानंच हात जोडून सांगितलं की भाऊ नाव नका टाकू, मी एकटाच आहे, गर्दी झाली तर कामं अडकतात. पण लिहितो मात्र नक्की, कारण माझ्या लॅपटॉपमधून मेल न जाण्याचं हेच काम दोन जणांनी आधी बघितलं होतं आणि दोघांचंही एकच उत्तर, "फॉरमॅट मारून टाकू, तुम्ही तर्री पोहे खाऊन या, तोवर होऊन जाते." फॉरमॅट म्हणजे सगळं पुसून नव्यानं सुरुवात, आणि माझ्या लॅपटॉपमध्ये बाबांच्या वेळेपासूनच्या मेल, क्लायंटचे फॉर्म १६, नोटिसा, सगळंच. पोहे घशाखाली उतरतील का सांगा.

आमचं त्रिमूर्ती नगरला रिटर्न भरून द्यायचं छोटंसं ऑफिस आहे. जुना डबा मागच्या वर्षी गेला, मग नवा लॅपटॉप घेतला, विंडोज ११, त्याच्यात ऑफिस २०२१ होम अँड स्टुडंट आधीच टाकलेलं. मला वाटलं झालं काम. पण होम अँड स्टुडंटमध्ये वर्ड एक्सेल पॉवरपॉइंट असतं, आउटलुक (मेलचा प्रोग्राम) नसतंच! हे मला घरी आल्यावर कळलं. म्हणून घरी येणाऱ्या एका ओळखीच्या पोराला बोलावलं, त्यानं बाबांच्या कपाटातली ऑफिस २०१० ची डिस्क काढली आणि टाकून दिली. डिस्कमधलं ३२ बिटवालं चढेना, कारण लॅपटॉपमधलं २०२१ हे ६४ बिट आणि हे दोन एका मशीनवर नांदत नाहीत, मग त्यानं त्याच डिस्कच्या दुसऱ्या फोल्डरमधून ६४ बिटवालं चढवलं, आणि फक्त आउटलुक टाकायच्या ऐवजी सगळंच ऑफिस टाकलं. दोष कंपनीचा नाही, त्या पोराचा पण पूर्ण नाही, मीच म्हटलं होतं की काहीही कर पण जुन्या मेल दिसल्या पाहिजे.

मेल दिसल्या. पण मग जे सुरू झालं ना बाप्पा. वर्डची फाइल डबल क्लिक केली की कधी हे वर्ड उघडे कधी ते, जुनं उघडलं की "कॉन्फिगर होत आहे" ची पट्टी सरकत बसे, रोज, प्रत्येक वेळी, मी तोवर चहा टाकून येत होतो. त्यात विंडोजचं स्वतःचं नवीन आउटलुक वेगळंच, जुनं मेल ॲप २०२४ च्या ३१ डिसेंबरला बंद झालं आणि त्याच्या जागी हे आलं. म्हणजे एका लॅपटॉपवर दोन आउटलुक, दोन वर्ड, आणि मी एकटा.

खरी गोची जुलैत झाली. १८० क्लायंटला रिटर्नची आठवण पाठवायची होती, एक्सेलमध्ये यादी, वर्डमध्ये मेल मर्ज (एकच मजकूर यादीतल्या प्रत्येकाला वेगळा मेल म्हणून पाठवायची सोय), दरवर्षी करतो मी. आधी तर ईमेल पाठवायचा ऑप्शनच फिका दिसे, दाबताच येईना. मग डिफॉल्ट मेल म्हणून आउटलुक २०१० निवडलं तर ऑप्शन आला, दाबला, सगळं पूर्ण झाल्यासारखं दिसलं, एरर नाही काही नाही, आणि आउटबॉक्स बघतो तर रिकामा! एकही मेल नाही. सेंटमध्ये पण नाही. तीन वेळा केलं. शेवटी भीती वाटायला लागली की कुठे अडकल्या असतील आणि एकदम ५४० मेल सुटतील.

तर सुभाष नगरहून मेट्रो पकडली, सीताबर्डी इंटरचेंजला उतरून चालत गेलो (गाडी नेऊ नका, पार्किंगसाठी तिथं अर्धा तास घालवाल). अरुंद जिना, वर छोटी खोली, एक टेबल, एक पंखा, बसायला एकच स्टूल आणि त्याच्यावर कोणाचा तरी प्रिंटर. माणूस चाळिशीतला असेल, बोलायला कमी. त्यानं लॅपटॉप हातात पण घेतला नाही आधी. म्हणाला, "काय होते ते नका सांगू, करून दाखवा." मी करून दाखवलं. त्यानं वर्डमध्ये अबाउट (व्हर्जन दाखवणारी खिडकी) उघडलं, मग आउटलुकमध्ये, आणि हसला.

"वर्ड सोळाचा न आउटलुक चौदाचा. हे बोलतीन काऊन एकमेकांशी?"

मग समजावून सांगितलं, आणि हेच मला सगळ्यात आवडलं. नाव २०१० असलं तरी आतून त्याचा नंबर १४, आणि २०१६ पासून २०२१ पर्यंत सगळ्यांचा १६ (१३ नंबर नाहीच म्हणे, १२ नंतर डायरेक्ट १४). मेल मर्जला वर्ड आणि आउटलुक एकाच व्हर्जनचे लागतात. मेल लिहायची जी खिडकी असते ती पण आतून वर्डच असतं, त्यामुळे जोडी फुटली की बारीकसारीक काहीतरी अडतंच. आउटलुक तर असंही एका मशीनवर एकच व्हर्जन राहते, वर्ड एक्सेल तरी कसेबसे दोन राहतात. आणि दोन ठेवायचेच असले तर जुनं आधी टाकायचं, नवं नंतर. आमच्याकडे नेमकं उलटं झालं होतं, म्हणून जुन्यानं येऊन फाइली आपल्या नावावर करून घेतल्या.

फॉरमॅटचं विचारलं तर म्हणाला, "फॉरमॅट करून तेच दोन परत टाकाल, तर तेच होईन." बरोबर आहे की!

पण त्यानं लगेच उखडायला नाही घेतलं. आधी विचारलं मेल पाठवायची शेवटची तारीख काय आहे तुमची. मग स्टार्टमधून मुद्दाम वर्ड २०१० उघडलं, म्हणजे दोन्ही चौदाचे झाले, त्याच्यातून पहिले पाच टेस्ट मेल त्याच्या स्वतःच्या पत्त्यावर, मग बाकीच्या. गेल्या. जीमेलच्या साध्या खात्यातून दिवसाला ५०० च्या वर जात नाही हे पण त्यानंच सांगितलं, आमचे १८० च होते म्हणून निभलं.

दुसऱ्या दिवशी लॅपटॉप ठेवून घेतला. त्यानं दोन पीएसटी फाइल (आउटलुकच्या मेल ज्यात साठतात त्या) शोधल्या, मला एकच माहीत होती. एक १४ जीबीची, आणि एक बाबांच्या वेळची, फार जुन्या फॉरमॅटची, तिची हद्द २ जीबी असते आणि ती १.९ ला येऊन टेकली होती. म्हणाला हिच्यात आता एक मेल टाकू नका, नुसती वाचायला ठेवा. दोन्हीच्या दोन दोन कॉप्या काढल्या, त्यातली एक माझ्याच पेन ड्राइव्हवर, माझ्यासमोर उघडून दाखवली, मगच दोन्ही ऑफिस काढले. पुढचा निर्णय माझ्यावर सोडला. एक तर मायक्रोसॉफ्ट ३६५ घ्या, वर्षाला पैसे भरा, त्यात आउटलुक क्लासिक येते, म्हणजे विंडोजचं ते नवीन नाही, ऑफिसमधलं पूर्ण आउटलुक. नाही तर २०२१ च परत टाका आणि मेलसाठी थंडरबर्ड (दुसरा मेलचा प्रोग्राम) घ्या, फुकट आहे, पण जुन्या मेल त्यात न्यायला वेळ लागेल. मी ३६५ घेतलं, सीझन चालू होता, नवीन काही शिकायची ताकद नव्हती. एक गोष्ट अजून, जीमेलचा तो १६ अक्षरांचा ॲप पासवर्ड (नेहमीच्या पासवर्डऐवजी गुगल वेगळा बनवून देते तो) जुन्या आउटलुकला लागत होता कारण त्याला गुगलचं साइन इनचं पान दाखवताच येत नाही, नव्यात सरळ साइन इन होते. इतके दिवस मी तो पासवर्ड डायरीत लिहून फिरत होतो.

पट्टी गेली. मेल मर्ज ऑगस्टमध्ये जीएसटीवाल्यांसाठी परत केलं, पहिल्या दमात गेलं.

आता तक्रारी. टू मध्ये दोन अक्षरं टाकली की जे पत्ते आपोआप यायचे ते गेले, हे त्यानं आधी सांगायला पाहिजे होतं, पंधरा दिवस पत्ते हातानं टाकून राहिलो. बिल देत नाही, मागितलं तर साध्या कागदावर लिहून देतो, आमच्यासारख्याला ते चालत नाही. फोन उचलत नाही. दुपारी बाराशिवाय शटर उघडत नाही आणि पावसात जिना घसरडा होतो, बाबांना नेलं असतं तर अवघड होतं. घेतले ७०० रुपये, दोन दिवसांचे, त्यात मी कमी करा म्हटलं नाही, तोंडच झालं नाही.

डिस्क बाबांनी परत कपाटात ठेवली आहे, "पैसे मोजले होते" म्हणून.

पाचपैकी साडेचार. जाताना चार्जर न्या, त्याच्याकडे एकच आहे आणि तो कोणाच्या तरी लॅपटॉपला लागलेलाच असतो.